तेल लावावे की न लावावे?

जालना जिल्ह्याच्या उत्तरेस, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज आणि वेलस्ली यांची तेथे लढाई झाली, हे शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचलेले असते. पण वाचलेले असते ते तोफांविषयी, वाजंत्र्यांविषयी नव्हे. वेलस्लीच्या ७८ व्या हायलँडर पलटणीत बॅगपाइप वाजविणारे होते. वाद्ये वाजविणाऱ्यांनी जखमींना उचलून वैद्याकडे न्यावे असा हुकूम निघाला, तेव्हा त्यांतल्या एकाने आपले वाद्य खाली ठेवले आणि तो त्या कामाला लागला. यावरून सोबत्यांनी मागाहून त्याला बोल लावला, असे डेव्हिड स्ट्यूअर्टने पुढे लिहून ठेवले आहे. बासऱ्या गप्प बसल्या तर बसोत, बॅगपाइप थांबता कामा नये, हे त्या मंडळींचे शास्त्र! फुंकून वाजवायच्या वाद्यांवरील वाद आपल्या मुलखात हा असा जुना आहे.

१८२७ मध्ये जालन्यास छावणी बसली, आणि १९०३ मध्ये ती उठली. त्या काळच्या पलटणींच्या बँडात मुख्य चाल धरणारे वाद्य म्हणजे क्लॅरिओनेट. न्यूरेंबर्गच्या डेनरने १७०० च्या सुमारास ते घडविले. आपल्याकडे ते पलटणीबरोबर आले आणि पलटणी गेल्या तरी राहिले. सनईच्या शेजारी, वरातीत, गॅसबत्तीच्या उजेडात. वाद्याबरोबर त्याची शास्त्रेही आली. पंचाईत अशी की, ती एकमेकांशी जुळत नाहीत.

तेलाचेच घ्या. एक पंथ सांगतो, नळीच्या आत तेलाचा हात नेमाने फिरवावा, म्हणजे लाकूड फुटत नाही. दुसरा पंथ म्हणतो, हे आफ्रिकेतले काळे लाकूड इतके घट्ट की तेल आत शिरतच नाही, वर मात्र चिकटा धरतो. तुळशीचे लग्न लागले की वराती सुरू होतात. पावसाळ्यात फुगून सांध्यात अडकलेले लाकूड तेव्हा कोरड्या थंडीत आकसू लागते. त्यात वाजविणाऱ्याचा ऊन, ओलसर श्वास आतून लागतो. आतली बाजू फुगते, बाहेरची आकसते, आणि वाद्याला चीर जाते. नव्या वाद्याला हा धोका अधिक. म्हणून ते पहिले काही आठवडे रोज थोडेच वाजवावे, यावर मात्र दोन्ही पंथांचे बऱ्यापैकी एकमत आहे. ज्याचे पोट हंगामाच्या चार महिन्यांवर चालते, त्याला मार्गशीर्षात वाद्य चिरणे म्हणजे भरल्या शेतात गारा पडणे.

इंग्रजांनी यावर तोड काढली. उष्ण मुलखातल्या पलटणींसाठी एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची क्लॅरिओनेटे बनू लागली. झाले, नवा वाद! ‘लाकडाचा गोडवा रबराला कोठून येणार?’ १९०९ साली डेटन मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने नळी कशाची आहे यावर स्वर अवलंबून असतो असा कौल दिला. १९६४ साली जॉन बॅकसने मोजमाप करून उलट सांगितले: नळीच्या भिंती थरथरतात, पण त्यामुळे सुरात म्हणण्यासारखा फरक पडत नाही, वाजते ती आतली हवा. मला बॅकसचे पटते. परंतु हे लाकडी वाद्यावर हयात घालविलेल्या उस्तादाला सांगण्याची माझी छाती नाही.

ओठांची गोष्ट तर आणखी मौजेची. पूर्वी कित्येक ठिकाणी वेताची पत्ती वर, वरच्या ओठाला लावून वाजवीत. पॅरिसच्या सरकारी संगीतशाळेने १८३१ मध्ये पत्ती खाली घेण्याचा पाठ अधिकृत केला. तरी इटलीत जुनी रीत पुढेही बराच काळ टिकली, आणि तिथल्या गुरूंना उलटे दिसे ते पॅरिस.

क्लोझे आणि ब्यूफे यांनी १८४४ मध्ये नव्या चाव्यांच्या रचनेचा हक्क नोंदविला. युरोपात बहुतेक ठिकाणी ती सरस ठरली. आपल्याकडचे वादक जुन्या, साध्या रचनेला धरून राहिले. याला कोणी मागासलेपण म्हणेल, पण त्यात मर्म आहे. उघड्या भोकावरून बोट हळूच सरकविले की मींड निघते. चावीचे झाकण आड आले की ती निसटते. तंजावरास सरफोजीराजे भोसल्यांच्या दरबारी (१७९८–१८३२) युरोपीय धर्तीचा बँड होता. त्याच नगरीत एकोणिसाव्या शतकात हे वाद्य भरतनाट्याच्या साथीला बसले, आणि कर्नाटक संगीतात त्याला मानाची जागा मिळाली. १९३१ साली जन्मलेल्या ए. के. सी. नटराजन यांना त्यासाठीच २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

आता वरातीतला नाग. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील ती प्रसिद्ध बीन खरी बीन नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लेव्हिओलिन या विजेच्या वाद्यावर वाजविली होती. बँडमध्ये ती क्लॅरिओनेटकडे आली, आणि नात्याने हे योग्यच झाले: गारुड्याच्या पुंगीतही एकेरी पत्तीच वाजते, सनईसारखी जोडपत्ती नव्हे. सुराने नाग डोलतो ही समजूत मात्र खोटी. नागाला बाहेरचा कान नसतो. तो पुंगीच्या हलण्यावर नजर ठेवून डोलतो. जाणता क्लॅरिओनेटवाला हे न शिकता ओळखून असतो. दातात रुमालाचे टोक धरून नवरदेवाचा मित्र रस्त्यावर बसला, की तो सूर आहे तसाच ठेवतो आणि वाद्य डावीउजवीकडे झुलवू लागतो.