बालवादक आणि त्याचे घर

वाद्यवृंदाच्या मैफलीत घरातले मूल वाजवावयास उभे राहिले, म्हणजे सारे घर श्रोत्यांत येऊन बसते. आईच्या कानाला पन्नास-साठ वाद्यांतले एकच वाद्य ऐकू येत असते. वडील चेहरा निर्विकार ठेवतात, पण श्वास रोखून धरतात. धाकट्या भावंडांना मैफल केव्हा संपते याचीच उत्सुकता अधिक. प्रसंग अगदी घरगुती. तथापि पाश्चात्य संगीतातील एका थोर कृतीचे भाग्य अशाच बालवादकांच्या हाती दोन वेळा आले. ती कृती म्हणजे बेथोव्हेनचा व्हायोलिन कन्चेर्टो. एकटा व्हायोलिनवादक आणि संपूर्ण वाद्यवृंद यांच्यातला तो सुमारे पाऊण तासाचा संवाद आहे.

२३ डिसेंबर १८०६ रोजी व्हिएन्नामध्ये फ्रान्झ क्लेमेंट या वादकाने तो प्रथम सादर केला. परंतु रसिकांत त्याचा जम बसला नाही, आणि पुढील तीन-साडेतीन दशके तो क्वचितच ऐकू आला. २७ मे १८४४ रोजी लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीच्या मैफलीत मेंडेल्सझोन यांच्या संचालनाखाली योझेफ योआखिम या मुलाने तो वाजविला. त्याला तेरावे वर्षही पुरे झाले नव्हते. लहान मुलांना व्यासपीठावर न आणण्याचा त्या संस्थेचा परिपाठ त्याच्यासाठी बाजूस ठेवावा लागला. त्या दिवसापासून या कृतीला जे मानाचे स्थान मिळाले, ते पुन्हा कधी ढळले नाही. पण योआखिमचे घर होते दूर हंगेरीत, पेस्ट शहरी. विद्येसाठी तो आधी व्हिएन्नाला व मग लाइप्झिगला राहिला होता. विद्येसाठी लेकराला घरापासून तोडणे आपल्याकडच्या गुरुगृही वाढलेल्या गवयांनाही नवे नाही.

त्यानंतर ८३ वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९२७ रोजी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तीच कृती अकरा वर्षांच्या यहुदी मेन्युहिनने वाजविली. हा मुलगा मात्र घरासकट मैफलीत आला होता, असेच म्हटले पाहिजे. त्याचे आईवडील सॅन फ्रान्सिस्कोत हिब्रू शिकवीत. संगीताची आवड मोठी, आणि तान्ह्या मुलाला सांभाळावयास ठेवण्याइतकी ऐपत नाही. म्हणून ती दोघे त्याला कडेवर घेऊनच मैफलींना जात. अशा रीतीने वादक होण्यापूर्वी तो श्रोता झाला. वाद्यवृंदातील प्रमुख व्हायोलिनवादक लुई पर्सिंजर यांच्या वाद्यावर त्याचा जीव जडला, आणि पुढे तेच त्याचे गुरू झाले. सातव्या वर्षी तो जाहीर मैफलीत वाजवू लागला.

न्यूयॉर्कच्या मैफलीचे संचालक फ्रिट्झ बुश यांना एवढ्या मुलाने बेथोव्हेनला हात घालावा हे प्रथम मुळीच रुचले नव्हते; त्याचे वादन ऐकल्यावरच ते राजी झाले. ही रचना नगाऱ्याच्या पाच मृदू टोल्यांनी सुरू होते, आणि नंतर सुमारे तीन मिनिटे एकटा वाद्यवृंदच वाजतो. तेवढा वेळ मुख्य वादकाने नुसते उभे राहावयाचे असते. मुलाच्या आईबापांना ती तीन मिनिटे किती दीर्घ वाटली असतील! व्हायोलिनच्या खुंट्या पिळण्याइतके बळही त्या बोटांत नव्हते. वाद्य लावून देण्यासाठी ते वाद्यवृंदातील प्रमुख वादकाच्या हाती द्यावे लागे. पण गज तारेवर फिरू लागला आणि श्रोत्यांना त्याच्या वयाचा विसर पडला.

या यशाची किंमत घराने दिली, आणि मुलानेही दिली. शाळेत तो गेला अवघा एक दिवस. पुढचे सारे शिक्षण घरीच झाले. वडिलांनी नोकरी सोडून त्याच्याबरोबर प्रवास पत्करला. हेफ्झिबा आणि याल्टा या त्याच्या धाकट्या बहिणी पियानोवादनात निपुण होत्या. पण घराचे वेळापत्रक भावाच्या मैफलींभोवती फिरत असे. शिवाय लहानपणी जे न कळत साधले होते, ते मोठेपणी हातून निसटू लागले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांपुढे शेकडो कार्यक्रम केल्यावर या जगद्विख्यात वादकाला गज कसा धरावा येथपासून पुन्हा विचार करावा लागला.

१९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून ते भारतात आले आणि दुष्काळपीडितांच्या मदतीसाठी त्यांनी मैफली केल्या. त्याच दौऱ्यात मुंबईस त्यांची भेट झाली बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी. अय्यंगार तेव्हा पुण्यास योगासने शिकवीत. श्वास, खांदे, पाठीचा कणा यांचा जो मेळ मुलाने नकळत साधला होता, तो या प्रौढ माणसाने पुण्याच्या गुरूकडून जाणतेपणी शिकून घेतला. पुढे त्यांनी अय्यंगारांना एक घड्याळ भेट दिले, आणि त्यावर आपले सर्वोत्तम व्हायोलिनगुरू म्हणून त्यांचा गौरव कोरविला.

१९६३ मध्ये मेन्युहिन यांनी इंग्लंडमध्ये संगीत शिकणाऱ्या मुलांसाठी शाळा काढली. तेथे संगीताबरोबर इतर विषयांचे शिक्षण होते, आणि समवयस्कांच्या संगतीने वाजविता येते. ज्याला शाळेचा एकच दिवस लाभला, त्याने इतर मुलांना शाळा दिली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

मुलाच्या मैफलीस जाणाऱ्या घराला या इतिहासातून काय घेता येईल? मेन्युहिन कुटुंबाने जे पुढे केले ते सर्वांना परवडणारे नाही, आणि ते सर्वस्वी अनुकरणीयही नाही. पण त्यांनी जे प्रथम केले ते कोणालाही करता येईल. मुलाला वाद्य मिळण्याच्या आधीपासून ते स्वतः संगीत ऐकावयास जात होते. केवळ आपलेच मूल पाहावयास गेलेल्या घराला एकच वाद्य ऐकू येते. सारा वाद्यवृंद ऐकण्याची सवय ज्या घराला आहे, तेथल्या मुलाला टाळ्या ओसरल्यावरही वाजवीत राहण्याचे कारण उरते.