जोड्यांच्या दुकानातील अग्निबाण

ज्या विषयास इतिहासाच्या ग्रंथांत पानाचा कोपराही मिळत नाही, असा एक विषय आम्ही आज आपणांपुढे मांडीत आहोत. तो म्हणजे छंद म्हणून उडविल्या जाणाऱ्या लहान अग्निबाणांचा. पोरखेळ म्हणून तो सोडून देता आला असता. परंतु ह्या खेळामागे मुलांच्या बोटांचा, डोळ्यांचा आणि प्रसंगी प्राणांचा प्रश्न होता. आणि तो ज्या रीतीने सुटला ती रीत थोरांनीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनांचे व्ही-२ अग्निबाण अमेरिकेने आपल्या न्यू मेक्सिको राज्यातील व्हाइट सँड्स येथे नेऊन उडविले. त्यांची चित्रे वर्तमानपत्रांत झळकू लागली आणि शाळकरी मुलांच्या मनाने पेट घेतला. घराच्या तळघरात बसून लोखंडी नळीत हाती लागेल ते ज्वालाग्राही मिश्रण ठासावयाचे आणि काडी लावावयाची, असा उद्योग गावोगाव सुरू झाला. पण दोन्ही बाजूंनी कोंडलेली लोखंडी नळी आणि आत दारू, ह्याला अग्निबाण म्हणत नाहीत, बाँब म्हणतात. कित्येक मुले जायबंदी झाली, काही दगावली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, तेव्हा तर ह्या वेडाला सीमाच राहिली नाही.

वेस्ट व्हर्जिनियातील कोलवुड ह्या कोळसाखाणीच्या गावी होमर हिकॅम व त्याचे सवंगडी स्वतःच दारू बनवून अग्निबाण उडवीत. १९६० साली त्यांना राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात पारितोषिक मिळाले, आणि हिकॅम पुढे अमेरिकेच्या अंतराळ संस्थेत अभियंता झाला. तथापि त्या मुलांना खाणीतील कसबी कारागीर आणि एक जाणती शिक्षिका लाभली होती. ज्यांना असे कोणी लाभत नाही त्यांनी काय करावे?

ह्याचे उत्तर निघाले जोड्यांच्या एका दुकानातून. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे गृहस्थ जोडे विकीत. दारूकामाचे ते परवानाधारक जाणकार होते. त्यांचे बंधू रॉबर्ट विमानांच्या प्रतिकृती करीत आणि अग्निबाणाच्या तत्त्वावर व्याख्याने देत. त्या व्याख्यानांत प्रत्यक्ष दाखविण्यासाठी १९५४ साली दोघा बंधूंनी एक लहानसा अग्निबाण सिद्ध केला. म्हणजे ह्या छंदाचा जन्म व्याख्यानासाठीच झाला, हे व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना सांगताना आम्हांस विशेष संतोष वाटतो.

त्याची रचना मोठी युक्तीची होती. जाड कागदाच्या नळीत खाली भोक ठेवलेले चिकणमातीचे बूच. त्यावर दाबून भरलेली काळी दारू. तिच्यावर सावकाश जळणारा थर. आणि सर्वांत वर चिमूटभर दारू. पहिली दारू अग्निबाणाला वर नेते. सावकाश जळणारा थर संपेपर्यंत तो माथ्यापाशी पोचतो. मग वरची दारू पेटून टोपण व हवाई छत्री बाहेर ढकलते. आपला दिवाळीचा बाण एकदा गेला की गेला. कोणाच्या गवतावर पडेल ह्याचा नेम नाही. हा मात्र छत्रीने खाली उतरतो, आणि नवी नळी बसविली की पुन्हा उडतो.

व्हाइट सँड्स येथे काम करणारे हॅरी स्टाइन मुलांच्या अपघातांविषयी मासिकांतून लिहीत. ते वाचून कार्लाइल ह्यांनी जानेवारी १९५७ मध्ये आपले नमुने त्यांच्याकडे पाठविले. स्टाइन ह्यांनी ते उडवून पाहिले आणि मोठ्या क्षेत्रावरील शिस्त ह्या लहान खेळाला लावून दिली. बांधणी कागद व हलक्या लाकडाची, धातूची नव्हे, दारू कारखान्यात भरलेलीच, पेटवणे दुरून, विजेच्या तारेने, मोठ्याने उलटे आकडे मोजून, मोकळ्या मैदानात, आणि कशावरही नेम धरून कधीच नाही. त्याच वर्षी त्यांनी छंदिष्टांची राष्ट्रीय संघटनाही उभारली. पुढे कोलोरॅडोतील व्हर्नन एस्टीझ ह्यांनी ह्या नळ्या भराभर व एकसारख्या भरणारे यंत्र बनविले. त्याचे लाडके नाव ‘मेबल’. नळ्या स्वस्त झाल्या आणि छंद घरोघर पोचला. १९७२ साली तर युगोस्लाव्हियातील व्हर्शात्स येथे ह्याच्या पहिल्या जागतिक स्पर्धा भरल्या.

आता कोणी विचारील, दारूच काढून घेतल्यावर मुलाजवळ राहिले काय? आम्ही म्हणतो, शास्त्र राहिले. पंख किती रुंद असावे, अग्निबाणाचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्याहून पुढे कसा ठेवावा, तो किती उंच गेला हे कोन मोजून त्रिकोणमितीने कसे काढावे, हे सारे मुलालाच करावे लागते. काढून घेतला तो फक्त स्फोट.

न वाजलेले फटाके मोडून त्यांतील दारू कागदावर पेटविणारी मुले आपल्याही आळीत असतात. त्यांना धपाटा घालणे सोपे, आणि ‘पोरेच ती’ म्हणून सोडून देणे त्याहूनही सोपे. कार्लाइल आणि स्टाइन ह्यांनी ह्यांपैकी काहीच केले नाही. मुलाला काय हवे आहे हे त्यांनी ओळखले, त्यातील घातक भाग स्वतःच्या अंगावर घेतला आणि उरलेले आकाश मुलाला देऊन टाकले. वडीलधाऱ्यांचे काम ह्याहून वेगळे काय असते?