पावलाची कमान आणि देहाचा भार

स्नान करून आलेल्या माणसाची ओली पावले कोरड्या फरशीवर उमटतात, तेव्हा प्रत्येकाचा ठसा निराळा दिसतो. कोणाची टाच आणि चवडा यांची जणू दोन बेटे उमटतात व बाहेरच्या कडेची चिंचोळी पट्टी त्यांना जोडते. कोणाचा सबंध तळवाच जमिनीला टेकलेला दिसतो. या दुसऱ्या प्रकारच्या पावलाला मराठीत फताडे पाऊल म्हणतात, आणि त्या शब्दात अवहेलनेची छटा असते.

प्राचीनांचे मत मात्र एकसारखे नव्हते. बौद्ध परंपरेने महापुरुषाची जी बत्तीस लक्षणे सांगितली, त्यांत भूमीवर सर्व बाजूंनी सारखा टेकणारा सुप्रतिष्ठित पाद हे पहिले होय. उलट, सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त राजाचे पाऊल कासवाच्या पाठीसारखे उंच वर्णिले आहे. पावलाच्या आकारावरून माणसाची योग्यता ठरविण्याची ही सवय पुढे वैद्यकानेही सहजासहजी सोडली नाही. भाषा तेवढी बदलली.

‘कमान’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ धनुष्य. पुढे तो वेशीच्या कमानीला लागला, आणि गाडीच्या किंवा घड्याळाच्या स्प्रिंगलाही लोक कमानच म्हणू लागले. पावलाची रचना उलगडताना शास्त्रज्ञांनी याच तीन कल्पनांचा आश्रय घेतला आहे, आणि देहाच्या भाराविषयीचे त्यांचे मतही त्याबरोबर पालटत गेले आहे.

आरंभीची कल्पना वेशीच्या कमानीची. पावलात २६ हाडे असतात आणि घोट्यातून उतरणारा देहाचा भार टाच व चवडा यांत वाटला जातो. दगडी कमानीतील दगड एकमेकांना रेटून उभे राहतात, तशीच ही हाडेही उभी असतात, असे मानले गेले. या उपमेतून एक निष्कर्ष आपोआपच निघाला : भार वाढला की कमान खचणार, आणि कमान खचली की पाऊल निकामी होणार. दोन्ही महायुद्धांच्या काळात सपाट पाऊल हे सैन्यभरतीत नकार मिळण्याचे सुपरिचित कारण होते. धडधाकट तरुणालाही केवळ तळव्याच्या आकारामुळे परत जावे लागे.

या समजुतीची कसून परीक्षा कॅनडात झाली. आर. आय. हॅरिस आणि टी. बीथ यांनी तेथील ३,६१९ सैनिकांची पावले तपासली व १९४७ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. सपाट पावलांचे अनेक सैनिक कसलीही तक्रार न करता लष्करी श्रम करीत असल्याचे त्यांना आढळले. ज्यांच्या पावलाचे सांधे सैल होते आणि टाचेमागील धोंडशीर आखूड होती, त्यांना मात्र खरा त्रास होत होता. कमानीच्या उंचीपेक्षा पावलाच्या हालचालीकडे लक्ष देणे अधिक अगत्याचे आहे, हे या पाहणीने दाखवून दिले.

दुसरी कल्पना धनुष्याची. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा ताणलेला असतो. इंग्लंडमधील जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये त्याचे कार्य स्पष्ट केले. चालताना टाच उचलली जाते, बोटे वर वळतात, आणि रहाटावर दोर गुंडाळावा तसा हा पट्टा बोटांच्या मुळाशी गुंडाळला जाऊन कमान उंचावते. पुढे १९६३ मध्ये कॅनडातील बास्माजियन आणि स्टेको यांनी पायावर वजने ठेवून स्नायूंतील विद्युत्‌लहरी मोजल्या. १०० ते २०० पौंडांचा भार हाडे आणि अस्थिबंध सहज पेलतात. ४०० पौंडांच्या भाराखाली स्नायू मदतीला येतात, असे त्यांना दिसले. स्थिर उभ्या माणसाची कमान मुख्यतः या मुक्या दोऱ्यांनी धरलेली असते, हे त्यावरून कळले.

तिसरी कल्पना स्प्रिंगची. १९८७ मध्ये लीड्स विद्यापीठातील केर, अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावलांवर प्रयोग करून दाखविले की, धावताना प्रत्येक पावलागणिक कमान दबते आणि पुन्हा उसळते. धावण्याच्या एका टप्प्यात लागणाऱ्या यांत्रिक ऊर्जेचा सुमारे १७ टक्के भाग ती अशा रीतीने साठवून परत देते. भाराखाली दबणे हा कमानीचा धर्मच ठरला. ज्या लवण्याला पूर्वी खचणे म्हणत, त्याचा बराचसा भाग तिच्या नित्य कामाचा होता.

मग वाढत्या वजनाचा कमानीशी काहीच संबंध नाही, असे म्हणायचे काय? तसेही नाही. मणिपाल येथील सच्चिदानंदम आणि बेंजामिन जोसेफ यांनी अस्थींची वाढ पूर्ण झालेल्या १,८४६ व्यक्तींच्या पावलांचे ठसे अभ्यासून १९९५ मध्ये निष्कर्ष मांडले. वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी पादत्राणे घालू लागलेल्यांत सपाट पावलांचे प्रमाण ३.२४ टक्के होते, तर सोळाव्या वर्षी प्रथम पादत्राणे घालणाऱ्यांत ते १.७५ टक्के होते. लठ्ठ व्यक्तींत आणि अस्थिबंध सैल असलेल्यांतही हे प्रमाण अधिक आढळले. वजन हे कारण असले, तरी ते एकटे नाही. बालपणीची पादत्राणे आणि जन्मजात ठेवण हीही त्याच्या जोडीला आहेत.

यात आणखी एक मेख आहे. ठसा हा काही पूर्ण विश्वासू साक्षीदार नव्हे. २००४ मध्ये स्कॉट वेअरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, ठशावरून काढलेल्या कमानीच्या मापावर शरीरातील चरबीचा प्रभाव पडतो. लठ्ठ माणसाच्या तळव्याचा मांसल भाग जमिनीला टेकतो आणि ठसा रुंद उमटतो. एवढ्यावरून आतील हाडांची कमान उतरली आहे असे सिद्ध होत नाही. मणिपालचे अनुमानही ठशांवरूनच काढलेले असल्यामुळे, लठ्ठपणाविषयीचा त्यातील भाग ही मर्यादा ध्यानात ठेवून वाचणे उचित ठरेल.

तरीही अतिरिक्त भार निरुपद्रवी ठरत नाही. २००१ मध्ये हिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० प्रौढांच्या तळव्यांवरील दाब मोजला. लठ्ठ व्यक्तींचा तळवा अधिक जागा व्यापत असूनही त्यांत दाब जास्त होता, आणि फरक सर्वांत ठळक होता तो कमानीखाली व चवड्याखाली. घोट्याच्या आतल्या बाजूने येऊन कमानीला आधार देणारी कंडरा उतारवयात झिजून तुटते, तेव्हा पाऊल खरोखरच कोसळते. अशा रुग्णांत लठ्ठपणा, रक्तदाब आणि मधुमेह वारंवार आढळतात, हे होम्स आणि मान यांनी १९९२ मध्ये नोंदविले. वेदनेसह वाढत जाणारी ही सपाटी आणि आयुष्यभर बिनतक्रार साथ देणारे फताडे पाऊल, या दोहोंत भेद करणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

हा भेद भरतीच्या मैदानावरही कसाला लागला. अमेरिकेतील फोर्ट बेनिंग येथे पायदळाच्या २४६ प्रशिक्षणार्थींची पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली; तीत सर्वांत सपाट पावलांच्या गटाला दुखापती सर्वांत कमी झाल्या होत्या, आणि उंच कमानवाल्यांना अधिक. भारतीय सैन्यदलांच्या वैद्यकीय निकषांतही सरसकट नकार नाही. चवड्यांवर उभे राहताच उमेदवाराची कमान पुन्हा दिसू लागली, त्याला चवड्यांवर नीट धावता व उड्या मारता आल्या आणि पाऊल लवचिक व वेदनारहित असले, तर तो पात्र ठरू शकतो. हिक्स यांनी वर्णिलेला रहाटाचा दोर त्या क्षणी ताणला जातो, आणि फरशीवरच्या ओल्या ठशात कधीच न दिसलेली कमान परीक्षकाच्या डोळ्यांसमोर उभी राहते.