‘शेतकऱ्याचा असूड’ आणि मातीचा प्रश्न

महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) आपल्याकडे मुख्यत्वे सामाजिक विद्रोहाचा ग्रंथ म्हणून वाचला व शिकवला जातो. ते योग्यच, परंतु माती, पाणी, कुरण आणि रान यांचा परस्परसंबंध उलगडणारा त्यातील भाग अशा वाचनात मागे पडतो.

ग्रंथाचा काळ ध्यानात घ्यावा. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले होते. १८७८ च्या वन कायद्याने राखीव, संरक्षित व ग्रामवने अशी वर्गवारी केली आणि राखीव वनांत चराई व लाकूडफाटा यांवर कडक निर्बंध आले. सरकारला जंगल म्हणजे इमारती लाकडाचा व महसुलाचा साठा वाटत होता. फुल्यांच्या दृष्टीने मात्र ते शेतीचेच अंग होते. डोंगरावरचा पालापाचोळा कुजतो, त्याचे सत्त्व पावसाबरोबर खालच्या शिवारात उतरते. त्याच रानात गुरे चरतात. रान बंद झाले की जनावरे घटतात, खत आटते आणि जमीन निकस होत जाते. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे हे कारण ते भटशाहीची लूट आणि सरकारी सारा यांच्या जोडीनेच मांडतात.

त्यांनी सुचवलेले उपायही मूर्त आहेत. फौजेतील शिपाई व जादा पोलीस यांच्याकडून ताली-बंधारे असे घालून घ्यावेत, की पावसाचे पाणी शेतांत मुरून मगच ओढ्यानाल्यांना मिळावे; पाण्याच्या शोधासाठी पाणाड्यांची मदत घ्यावी; गावांची गायराने गावांना परत द्यावीत. ‘पाणलोट विकास’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी त्याचे तत्त्व येथे आलेले आहे.

दहा वर्षांनी, १८९३ मध्ये, जॉन ऑगस्टस व्होल्कर या ब्रिटिश कृषिरसायनतज्ज्ञाच्या अहवालातून सरकारला मिळताजुळता सल्ला मिळाला: सरपणाअभावी शेण जाळले जाते व शेत खताला मुकते, म्हणून सरपण आणि चाऱ्यासाठी राने राखावीत. व्होल्कर यांचा निष्कर्ष शेतीशास्त्राच्या परिभाषेत आला; फुल्यांचा संतापाच्या भाषेत. त्या संतापामुळेच कदाचित आपण त्यातील निरीक्षणाकडे पुरेसे पाहत नाही.

‘असूड’ शिकवताना ही उणीव भरून काढता येईल. फुल्यांच्या लेखी जातीचा आणि जमिनीचा प्रश्न एकमेकांत गुंतलेला आहे. रानावर आणि पाण्यावर हक्क कोणाचा, हे न ठरवता त्यांचे जतन करू पाहणारी व्यवस्था अखेर शेतकऱ्यालाच उपाशी ठेवते, हा या ग्रंथाचा इशारा आहे.