ओल्या बोरूची नक्कल

नऊ वर्षांनी सॅक्सोफोनची पेटी उघडली. पितळ काळवंडलं होतं, पण ते पुसून निघालं. रीड्सचं मात्र काही खरं नव्हतं. डब्यात सहा होत्या. दोन बुरसटलेल्या, एकीचं टोक तुटलेलं, उरलेल्या टोकाशी लाटेसारख्या वाकलेल्या. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला वाजवणं सुटलं, तेव्हा मी त्या तशाच ओल्या ठेवून दिल्या असणार.

नव्या शोधताना एक प्लास्टिकची रीड दिसली. एकटीची किंमत साध्या दहा रीड्सच्या डब्याच्या आसपास. तरी मागवली. पाण्यात न बुडवता तशीच माउथपीसवर चढवली आणि पहिल्याच फुंकरीत सूर लागला. आनंद झालाच, पण लगेच प्रश्नही पडला. हे इतकं सोपं होतं, तर आधी कुणी का केलं नाही?

शोधायला बसलो तेव्हा कळलं, केलं होतं. आणि ते अजिबात सोपं नव्हतं.

सॅक्सोफोन दिसतो पितळी, पण त्याचा आवाज सुरू होतो गवतापासून. माउथपीसला खालून बांधलेली ती पातळ पट्टी फुंकरीने थरथरते आणि नळीतली हवा बोलू लागते. सनईला जशी पत्ती, तशी याला रीड. फरक इतकाच की सनईची पत्ती दुहेरी, ही एकेरी. ही पट्टी अरुंडो डोनॅक्स नावाच्या गवताची. वेळूसारखं उंच, पोकळ, आपल्या बोरूच्या जातकुळीतलं.

ॲडॉल्फ सॅक्स हा बेल्जियमचा वाद्य बनवणारा. पॅरिसमध्ये २८ जून १८४६ रोजी त्याला सॅक्सोफोनचं पेटंट मिळालं. त्याला लष्करी बँडसाठी वाद्य हवं होतं. मैदानात ऐकू जाईल, पाऊस-उन्हात टिकेल, कारखान्यात एकासारखं दुसरं बनवता येईल असं. म्हणून अंग धातूचं. पण तोंडाशी त्याने क्लॅरिनेटसारखी एकेरी रीडच ठेवली. म्हणजे औद्योगिक क्रांतीतलं हे वाद्य पहिल्या दिवसापासून शेतमालावर अवलंबून होतं.

तो शेतमालही कुठलाही चालत नाही. हे गवत जगात पुष्कळ ठिकाणी उगवतं. कॅलिफोर्नियात तर ते नदीकाठ गिळणारं तण म्हणून उपटून काढतात. पण रीडसाठी नाव झालं दक्षिण फ्रान्समधल्या व्हार प्रांताचं, भूमध्य समुद्राच्या काठचं. दोन वर्षं वाढलेलं गवत हिवाळ्यात कापायचं, उन्हात वाळवायचं, मग मुरू द्यायचं. १९०५ मध्ये पॅरिस ऑपेरातला क्लॅरिनेटवादक यूजेन व्हॅन डोरेन याने रीड बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. त्याच्या नावाची व्हँडोरेन कंपनी आजही त्याच भागातलं गवत वापरते.

एवढं करूनही डब्यातल्या दहा रीड्स दहा स्वभावांच्या निघतात. तीन-चार चांगल्या, दोन-तीन चालवून घेण्याजोग्या, बाकीच्या सरावापुरत्या. आणि चांगली निघाली ती काही आठवड्यांत मरते.

जून १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे हरला आणि अटलांटिकपलीकडे जाणारं हे गवत अडलं. तो अमेरिकेत स्विंगचा जमाना होता. नाचाच्या प्रत्येक बँडमध्ये सॅक्सोफोनची रांग बसलेली. त्याच दशकात आर्नल्ड ब्रिलहार्ट या न्यूयॉर्कच्या सॅक्सोफोनवादकाने एन्ड्युरो नावाची प्लास्टिकची रीड आणली. ती भिजवावी लागत नव्हती, वाकत नव्हती, टिकतही होती. फक्त आवाज पुरेसा चांगला नव्हता. कर्कश, झिणझिणणारा. अशा रीड्स पुढे उघड्यावर चालत वाजवणाऱ्या बँडपुरत्या उरल्या. मधला मार्ग म्हणून गवतावरच प्लास्टिकचा पातळ थर देणाऱ्या रीड्सही आल्या.

त्या काळात प्लास्टिकवर माणसांचा विश्वास केवढा होता, हे १५ मे १९५३ च्या टोरांटोतल्या मैफलीत दिसतं. मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्करने त्या रात्री ग्राफ्टन कंपनीचा ॲक्रिलिकचा सॅक्सोफोन वाजवला. ध्वनिमुद्रण आजही ऐकता येतं आणि ते अफाट आहे. पण ग्राफ्टन टिकला नाही. ॲक्रिलिकला तडे जात आणि दुरुस्त करणारे सापडत नसत. वाद्याचं अंग प्लास्टिकचं करून पाहिलं, तरी सॅक्सोफोन पितळेवर आणि गवतावर परतला.

युद्धानंतर गवत पुन्हा मिळू लागलं, पण सगळ्यांना सारखं नाही. मला शिकवणारे सर गोव्याचे, तरुणपणी मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवणारे. तेव्हा आयातीवर बंधनं, परकीय चलनाची टंचाई. सर सांगायचे, रीड्स मागवायच्या त्या ओळखीच्या तारवट्याकडून. तारवटी म्हणजे बोटीवर काम करणारा गोव्याचा खलाशी. तो येईपर्यंत आहे ती रीड जपायची. टोक झिजलं की ब्लेडने छाटायचं, जड झाली की मागून घासायची. एक रीड त्यांनी पाच महिने चालवली होती. हे ते अभिमानाने सांगायचे. मला तेव्हा त्यातली हौस दिसली, अडचण दिसली नाही.

मग प्लास्टिकचं नेमकं काय चुकत होतं? खोक्याला बांधतात ती प्लास्टिकची पट्टी आठवा. लांबीच्या दिशेने ओढून तुटत नाही, पण उभी चटकन चिरते. बोरूही असाच आहे. तंतूंच्या दिशेने ताठ, आडवा लवचीक. रीडचा स्वभाव या दोन ताठपणांच्या प्रमाणातून येतो. साधं प्लास्टिक मात्र सगळ्या दिशांना सारखंच असतं. ते ताठ करायला गेलं की सगळीकडूनच ताठ होतं.

दुसरी चूक जास्त मजेशीर आहे. नक्कल करायची कशाची? हातात घेतलेली रीड कोरडी असते, पण कोरडी रीड कुणी वाजवत नाही. तोंडात ती ओली होते, फुगते, मऊ पडते. खरं वाद्य वाजतं ते ओल्या बोरूवर.

१९९८ मध्ये कॅनडात लेजेर कंपनी सुरू झाली. क्लॅरिनेट वाजवणारे रसायनशास्त्रज्ञ गी लेजेर आणि टोरांटो विद्यापीठातले प्राध्यापक मार्क कॉर्टशॉट हे तिचे संस्थापक. त्यांनी पॉलिप्रॉपिलीन घेतलं. हे प्लास्टिक १९५४ मध्ये इटलीत जुलिओ नात्ताच्या प्रयोगशाळेत आकाराला आलं होतं. आज आपले जेवणाचे डबे आणि सिमेंटच्या गोण्या त्याच्याच असतात. ते ताणलं की त्यातल्या रेणूंच्या साखळ्या एका दिशेने रांगेत लागतात. म्हणजे तंतू नसलेल्या पदार्थाला तंतूंची दिशा मिळते. आणि त्यांनी गाठायचं ठरवलं ते ओल्या बोरूचं वागणं. पॉलिप्रॉपिलीन पाणी शोषत नाही, त्यामुळे ही रीड कायम 'नुकतीच भिजवलेली' असते.

मी एकच धून दोन्ही रीड्सवर वाजवली आणि कुठली कुठली ते न सांगता सरांना पाठवली. ते आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, वाजवत नाहीत. तासाभराने त्यांचा फोन आला.

"दुसरी प्लास्टिकची. सूर पटकन उठतो, पण शेवटी जरा बोथट होतो."

बरोबर होतं. मी म्हटलं, मग गवताचीच ठेवू का?

"कशाला? तुला ऑफिस आहे. अर्धा तास मिळतो, त्यातली दहा मिनिटं रीडची समजूत काढण्यात घालवणार? आम्हाला ही मिळाली असती तर तारवट्याची वाट बघणं तरी वाचलं असतं." मग थोडं थांबून म्हणाले, "श्वास मात्र कमी पडतोय तुझा. दोन्हींत."

माझी रीडही बोटीतून नाही तरी विमानातून, परदेशातूनच आली आहे. व्हारवरचं अवलंबित्व संपलं, कॅनडावरचं सुरू झालं. पण गेल्या महिन्यात मी सव्वीस दिवस वाजवलं. जुन्या डब्यातली एक बरी रीड घासून, वाळवून वेगळी ठेवली आहे. रविवारी वेळ असतो, तेव्हा ती भिजवतो.