लहानपणी येणारी भाषा मोठेपणी का विसरते?

'कळतं सगळं, पण बोलता येत नाही.' परदेशात किंवा परप्रांतात वाढलेल्या अनेक मराठी मुलांची ही अवस्था असते. चौथ्या वर्षी आजीशी घडाघडा बोलणारं मूल विशीत फोनवर 'हो', 'नाही', 'बरी आहे' एवढ्यावर थांबतं. असं का होतं? आणि गेलेली भाषा परत येते का?

आधी काय जातं?

सगळ्यात आधी शब्द अडतात. ऐकले की ओळखू येतात, पण बोलताना वेळेवर सुचत नाहीत. मग व्याकरण ढासळू लागतं. 'मुलाला'ऐवजी 'मुलगाला' असं तोंडात येतं. तीन लिंगांचा घोळ होतो. 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक पुसट होतो, कारण इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द आहे. समज मात्र सर्वांत जास्त टिकते. शिवाय काही गोष्टी मुलं विसरलेली नसतात, ती त्या शिकलेलीच नसतात. पाचव्या वर्षी शाळेची भाषा बदलली की मराठी घरगुती विषयांपुरतीच उरते.

वयाचा काय संबंध?

मोठेपणी देश सोडणाऱ्यांची मातृभाषा गंजते, पण सहसा पूर्ण जात नाही. साधारण बारा वर्षांच्या आत संपर्क तुटला तर नुकसान खूप मोठं असू शकतं. 2003 साली फ्रान्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन ते आठ वर्षांच्या वयात कोरियातून दत्तक आलेल्या आणि आता प्रौढ झालेल्या व्यक्तींना कोरियन वाक्यं ऐकवली गेली. त्यांना ती इतर अनोळखी भाषांपासून वेगळी ओळखता आली नाहीत. मेंदूच्या स्कॅनमध्येही कोरियन भाषेला खास प्रतिसाद दिसला नाही.

फक्त सराव कमी पडतो म्हणून?

नाही, भावनांचाही वाटा असतो. नाझी जर्मनीतून निसटलेल्या ज्यूंच्या मुलाखतींचा अभ्यास मोनिका श्मिड यांनी केला. ज्यांनी छळ अधिक सोसून उशिरा देश सोडला, त्यांची जर्मन जास्त ढासळली होती. म्हणजे भाषेशी नातं कसं आहे, यावरही ती टिकणं अवलंबून असतं.

मग पाटी पूर्ण कोरी होते का?

बहुधा नाही. 2017 साली नेदरलँड्समधल्या अशाच दत्तक व्यक्तींना कोरियन उच्चारांचं थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं. कोरियन कधीच न ऐकलेल्या डच लोकांपेक्षा त्यांचे उच्चार लवकर सुधारले. सहा महिन्यांच्या आत दत्तक गेलेल्यांनाही हा फायदा झाला. आठवत काहीच नव्हतं, तरी कानावर पडलेलं वाया गेलं नव्हतं.

घरी काय करता येईल?

मुलाने इंग्रजीत उत्तर दिलं तरी आपण मराठीतच बोलत राहावं. आजी-आजोबांशी नियमित बोलणं हवं. समवयस्क मराठी मुलांची सोबत मिळाली तर उत्तम, कारण मुलं भाषा खेळातून टिकवतात. लिहिता-वाचता आलं तर भाषेला आणखी एक आधार मिळतो.

एक गोष्ट मात्र टाळायला हवी. 'मुलगाला' ऐकून घरातले हसले, की मूल पुढच्या वेळी इंग्रजीचा आधार घेतं. त्यापेक्षा 'हो, मुलाला दे' एवढं म्हणून गप्पा पुढे न्याव्यात. चुकत चुकत बोललेली मराठी जिवंत राहते. बोलणंच थांबलं, तर सुधारायलाही काही उरत नाही.