एकपदरी तंबूतले दव
१/ हिवाळ्यात टिपेश्वरच्या परिसरात एकपदरी नायलॉन तंबूत झोपलेला प्रवासी पहाटे भिजून उठतो. तंबू गळत नाही. दोघांच्या श्वासा-घामातून रात्रभरात पाव लिटरहून अधिक पाणी बाष्परूपाने निघते आणि गार कापडावर दव होऊन साचते.

२/ बैलांवर धान्य, मीठ वाहणाऱ्या बंजारा तांड्यांचे पालही एकपदरीच असे. पण सुती विणीतून बाष्प बाहेर जाई. पावसात धागे फुगून वीण घट्ट होई.

३/ १९३८ मध्ये नायलॉन जगासमोर आले. पुढे त्यावरील लेपाने पाऊस अडवला. बाष्पही आतच कोंडले.

४/ म्हणून तंबू ओढ्याकाठी नव्हे, उंचवट्यावर उभारावा. दोन्ही टोके किंचित उघडी ठेवावीत. कापसाच्या या मुलखात पालाला जे सहज साधे, ते नायलॉनमध्ये वाऱ्याला वाट देऊनच साधते.